रेघ राहता कामा नये

रावसाहेब माचणूरकर वारले. आमच्या गावच्या साप्ताहिकाने काळ्या चौकटीत त्यांचा पगडीतला फोटो छापला आणि खाली लिहिले, "सोलापूरच्या सार्वजनिक जीवनावर त्यांनी आपला ठसा उमटवला." ते वाक्य वाचले आणि मी हे लिहायला बसलो. मेलेल्या माणसाबद्दल गोड लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. ती कोणी पाडली मला ठाऊक नाही, पण जिवंतपणी लोकांना छळणाऱ्यांच्या ती फार सोयीची आहे. माझ्याकडून ती पाळली जाणार नाही.

रावसाहेब सरकारी वकील होते. मी शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या घराच्या माडीवर भाड्याने राहत होतो. माझ्या ट्रंकेत कसली पत्रके आहेत हे त्यांना पहिल्या आठवड्यातच कळले. मला वाटले, आता खोली सोडावी लागणार. त्यांनी मला चहाला बोलावले.

"मास्तर, तुमच्या पत्रकांत छपाईच्या चुका फार असतात," ते म्हणाले. "गुलामगिरी ऱ्हस्व काढून कशी जाईल?"

"मग खोली सोडू का?"

"छे, छे. असा भाडेकरू डोळ्यांसमोर असलेला बरा. साखर घ्या."

हे ते हसत म्हणाले नाहीत. ते कधीच हसत नसत. ठेंगणा, गोरा, नाजूक मनगटांचा माणूस. हात बायकी वाटावेत इतके मऊ. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. ज्यांना तो ऐकावा लागे, त्यांना तो चढला असता तर बरे वाटले असते.

या माणसाला एकच वेड होते, गॉल्फचे. हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैलभर माळावर जागोजाग भोके असतात. काठीने चेंडू मारत मारत, होईल तितक्या कमी फटक्यांत, तो एकेका भोकात घालायचा. विलायतेत भोकाभोवती मखमलीसारखी हिरवळ राखतात. सोलापुरात माणसांना प्यायला पाणी पुरत नाही, तिथे हिरवळ कुठली? म्हणून आमच्या स्टेशनापलीकडच्या माळावर, होटगीच्या वाटेला, साहेबलोकांनी भोकांभोवती चाळलेली वाळू पसरून तिच्यावर गिरणीच्या एंजिनाचे जळके तेल ओतले होते. या तपकिरी गोल खळ्याला ते 'ब्राऊन' म्हणत. तेलाने वाळू बसते, वाऱ्याने उडत नाही. पण तिच्यावर सगळे उमटते. चेंडू गेला की रेघ उठते, माणूस गेला की पावले. म्हणून शेवटचा हलका फटका मारण्याआधी चेंडूपासून भोकापर्यंतची वाट गोणपाट ओढून साफ करायची, असा तिथला रिवाज.

लांब फटका रावसाहेबांना जमत नसे. अंगात जोरच नव्हता. पण भोक पन्नास पावलांवर आले की हा माणूस बदले. मॅशी नावाची तिरप्या लोखंडी फळीची काठी घेऊन ते चेंडूला अशी टिचकी देत, की तो जरासा उडून, खळ्याच्या कडेवर पडून, घरंगळत भोकाशी जाऊन बसे. आणि मग पटर, म्हणजे शेवटच्या फटक्याची सपाट काठी. ती हातात असताना त्यांचे फक्त खांदे हलत. मनगट नाही, मान नाही, पापणीदेखील नाही.

"मास्तर, चेंडू गेला कुठं ते बघायचं नाही," ते सांगत. "बघायला मान वर केली की हात फसतो. खाली बघत राहायचं आणि ऐकायचं. भोकात पडला की आवाज येतो. आला नाही तर बघून तरी काय उपयोग?"

ही विद्या त्यांनी एका विलायती पुस्तकातून आणि आपल्या अंगणातून मिळवली होती. घराच्या मधल्या अंगणात त्यांनी स्वतःचे एक ब्राऊन केले होते. सीना नदीची वाळू, गिरणीचे तेल, आणि भोकाच्या जागी जमिनीत पुरलेले पितळी फुलपात्र. त्यासाठी तुळशीवृंदावन हलवून मोरीजवळ नेले. तिथे प्रदक्षिणा घालायला जागा नव्हती, म्हणून काकू तुळशीपुढे उभ्या राहून स्वतःभोवतीच फिरत.

काकू म्हणजे त्यांची पत्नी. गुडघ्यांनी अधू. अंगणातून जायचे तर त्या ओल्या धुण्याची बादली घेऊन भिंतीला पाठ लावून कडेकडेने सरकत, कारण वाळूवर पाऊल पडता कामा नये. एकदा तोल जाऊन ते पडलेच. रावसाहेब कोर्टातून आले. पगडी उतरवण्याआधी त्यांना ते पाऊल दिसले.

"इकडं या," त्यांनी हाक मारली, अगदी देवघरातल्यासारख्या आवाजात. "हे काय आहे?"

"पाय पडला. गुडघा एकदम..."

"गुडघा तुमचा. वाळू माझी. रेघ राहता कामा नये."

काकू त्याच गुडघ्यांवर खाली बसल्या आणि फडक्याने पाऊल पुसू लागल्या. रावसाहेब शेजारी उभे राहून "कडा सोडू नका, कडा सोडू नका," असे सांगत होते. मी माडीवरून म्हणालो, "मी येऊन पुसतो की." त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "तुम्ही देश पुसा, मास्तर."

कोर्टातही ते असेच होते. साक्षीदाराकडे बघत नसत, समोरच्या कागदाकडे बघत आणि ऐकत.

व्यंकय्या नावाचा पद्मसाळी विणकराचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. मिशी नुकती फुटली होती. पोलीस चौकीच्या भिंतीवर पत्रक चिकटवल्याचा त्याच्यावर आरोप होता. कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. तो "मी नव्हेच" म्हणून ठाम होता आणि सुटणार हे सगळ्यांना दिसत होते. रावसाहेब उठले.

"तुमच्या घरी माग आहे ना?"

"हाय."

"सुताला खळ कोण करतं?"

"मीच करतो." मुलगा जरा ताठ झाला.

"वा. मग तुमच्यावर उगाच आळ आला म्हणायचा. त्या पत्रकाची खळ मी पाहिली. मैद्याची, नुसत्या गुठळ्या. विणकराच्या घरात अशी भिकार खळ होईलच कशी? ज्यानं लावलं त्याला खळ करता येत नाही. बरोबर?"

व्यंकय्याला नुसते "बरोबर" म्हणायचे होते. पण सात पिढ्या खळ करणाऱ्यांचा तो पोरगा. त्याला तुरुंग दिसला नाही, गुठळ्या दिसल्या.

"मैदा कशाला?" तो उसळून म्हणाला. "तांदळाची होती! गुठळी एक नव्हती तिच्यात!"

व्यंकय्याचे तोंड उघडे ते उघडेच राहिले. रावसाहेबांची मान अजून खालीच होती. त्यांनी कागद दुमडला आणि बसले. पोराला सक्तमजुरी झाली.

त्या संध्याकाळी मी जिन्याखाली त्यांना अडवले. "पोर होतं ते, रावसाहेब."

"मी त्याला ढकललं का?" ते म्हणाले. "मी फक्त हलकी टिचकी दिली. उतार त्याचा होता." आणि अंगणात जाऊन फुलपात्रात चेंडू घालत बसले. टण. टण. जेवणवेळ होईपर्यंत मी तो आवाज ऐकत होतो.

आता ज्याच्यासाठी हे सगळे चालले होते ते सांगतो. माळाच्या टोकाला साहेबांचा क्लब होता. रुंद व्हरांडा, वेताच्या खुर्च्या. त्या व्हरांड्याची पायरी नोकरांखेरीज कोणी हिंदी माणूस चढला नव्हता. रावसाहेबांना क्लबाचे सभासद व्हायचे होते. कोपऱ्यातली, तुटक्या हाताची एक खुर्ची त्यांनी मनाने धरून ठेवली होती. पुण्याहून निळा, पितळी बटणांचा क्लबकोट शिवून आणला होता आणि कपाटात टांगला होता. काकू मला एकदा म्हणाल्या, "दर महिन्याला डांबराच्या गोळ्या बदलते मी त्यात. घालतील तेव्हा घालतील. कसर मात्र लागायला नको."

दार उघडेल अशी आशा त्यांना एका बड्या साहेबामुळे वाटत होती. तो कोणत्या खात्याचा हे मी लिहीत नाही. तो क्लबाच्या कमिटीचा मुख्य होता, हत्तीसारखा मजबूत. चेंडू नजरेआड जाईल इतका लांब मारी, आणि भोक दोन वितींवर आले की त्याचा हात कापे. दर वर्षीचा चांदीचा पेला तिथेच हुके. माळाच्या कडेला एकटेच सराव करणाऱ्या रावसाहेबांचा खेळ त्याने पाहिला आणि म्हणाला, "माझा जवळचा खेळ सुधारून द्या. मी पेला जिंकलो की कमिटीपुढे तुमचं नाव काढतो."

मग दर रविवारी शिकवणी सुरू झाली. क्लबाच्या सेवकाखेरीज माळावर वावरायची मुभा मिळालेला हा एकटाच हिंदी माणूस. धोतर, कोट, पगडी, खांद्यावर जरीकाठी उपरणे, आणि पायात विलायती बूट. मी मुद्दाम वाटेच्या कडेला बसून बघत असे. कोर्टात लोकांचे रक्त गोठवणारा माणूस इथे कुत्र्याच्या पिलासारखा साहेबाभोवती फिरे. "मनगट झोपवा, सर. फटका छोटा करायचा तर मागं कमी न्या, मधेच आवरू नका. चेंडू उडवायची घाई नको, सर, घरंगळू द्या." साहेब खरोखर सुधारत होता. शिकवण्यात रावसाहेब अस्सल होते, हे मी नाकारत नाही. अस्सल असून ते कशासाठी वापरले, एवढाच माझा प्रश्न आहे. खेळ संपला की साहेब व्हरांड्यात जाई आणि रावसाहेब लिंबाखाली बसून घरून आणलेल्या तांब्यातले पाणी पीत.

म्हाकू धनगर या गोष्टीत आला तो मेंढरांमागून. होटगीकडचा म्हातारा, तो माळ त्याच्या आजापासूनचे चराऊ रान. साहेबलोक आले म्हणून मेंढरांना वाट बदलायची असते हे कोणी मेंढरांना सांगितले नव्हते. एका रविवारी, साहेब येण्याआधी, कळप ब्राऊनवरून गेला. सगळ्या वाळूत खुरांची चाळण. सेवकाने म्हाकूला धरून रावसाहेबांपुढे उभे केले.

"कोंडवाडा माहीत आहे ना, बाबा?" रावसाहेबांनी मायेने विचारले. "तिथं पाणी नसतं. कोकरं टिकत नाहीत म्हणे."

"न्हाय जी, कोंडवाडा नगं. आता न्हाई येनार हिकडं."

"मग हे साफ कर. रेघ राहता कामा नये."

"कशानं करू? हितं तर काय बी न्हाय."

"तुझ्या अंगावर काय आहे?"

म्हाकूच्या अंगावर घोंगडी होती. स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची, लग्नात बापाने दिलेली. त्याने ती काढली आणि म्हाताऱ्या गुडघ्यांवर फिरत वाळूवरून ओढली. आणि एक अजब झाले. गोणपाटाने जे कधी जमले नव्हते ते घोंगडीने केले. वाळू पाटीसारखी गुळगुळीत झाली. मी रावसाहेबांचे डोळे भरून आलेले फक्त त्या दिवशी पाहिले.

त्या दिवसापासून म्हाकूने दर रविवारी येऊन घोंगडी ओढायची, असे ठरले. म्हणजे त्यांनी ठरवले. पुढे घोंगडी तेलाने माखली आणि ती क्लबाच्या खोपटातच ठेवून घेतली. थंडी पडली तेव्हा म्हाकू उघड्या अंगाने आला.

"रावसायेब, लई गारठा हाय. घोंगडी न्हेऊ का माजी?"

"तेल लागलंय तिला. तुला खाज सुटेल."

"सुटू द्या की. खाजवतो."

"आणि साहेबांना रेघा दिसतील त्याचं काय?" रावसाहेब म्हणाले. "मेंढरांत झोप की. ती घोंगड्याच आहेत, चालत्या."

माझ्याने राहवले नाही. मी वाटेवरून ओरडलो, "घोंगडी त्याची आहे!"

"मग फिर्याद करू दे," रावसाहेब म्हणाले. "सरकारी वकील मीच आहे."

पेल्याच्या अखेरच्या सामन्याच्या दिवशी सकाळी खोपटातून घोंगडी नाहीशी झालेली होती. कोणी नेली हे सांगायला नको. रावसाहेबांचा चेहरा वाळूसारखा झाला. सेवकाने गोणपाट आणले.

सामना अटीतटीचा झाला. बड्या साहेबाशी खेळणारा एक रेल्वेचा इंजिनियर होता. शेवटच्या भोकापर्यंत दोघे बरोबरीत. इंजिनियरचा चेंडू कडेला घासून पुढे गेला. आता साहेबाने एका छोट्या फटक्यात चेंडू भोकात घातला की पेला त्याचा, आणि रावसाहेबांची खुर्ची रावसाहेबांची. व्हरांड्यातले सगळे उठून ब्राऊनभोवती उभे राहिले. सेवकाने गोणपाट ओढले. वाळूवर सुतळीच्या विणीच्या बारीक रेघा उठल्या, सगळ्या जरा जरा तिरप्या. साहेबाने वाकून पाहिले. घोंगडीच्या गुळगुळीत वाटेची सवय झालेला हात. पटर कापू लागला. तो सरळ उभा राहिला, पुन्हा वाकला, पुन्हा उभा राहिला.

इथे मी एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो. साहेब काही बोलला नाही. त्याने रावसाहेबांकडे पाहिलेदेखील नाही.

रावसाहेब आपण होऊन पुढे आले. खांद्यावरचे जरीकाठी उपरणे त्यांनी काढले, दुमडले, गुडघे टेकले, आणि चेंडूपासून भोकापर्यंत ओढत नेले. परत आणले. पुन्हा नेले. कडा सोडली नाही. पगडी कलली ती सावरली नाही. इतक्या मडमा, इतके साहेब, क्लबाचे सेवक, सगळ्यांपुढे सोलापूरचा सरकारी वकील जळक्या तेलात रांगत होता. वाट काचेसारखी झाली.

माझ्या शेजारी कोणी तरी उभे होते. म्हाकू. खांद्यावर तीच घोंगडी, तेलाने कडक झालेली, मागे मेंढरे.

"मास्तर," तो म्हणाला, "कापड झ्याक हाय की त्यांचं. माज्या घोंगडीपरीस मऊ चालतंय."

साहेबाने मान खाली ठेवली, खांदे हलवले. चेंडू गेला आणि पडला. टाळ्या झाल्या. रावसाहेब अजून गुडघ्यांवर होते. साहेब त्यांच्याकडे आला, हात पुढे केला. रावसाहेबांनी तो धरायला आपला हात वर केला, तेव्हा साहेबाने त्या हातात पटर दिला आणि तो व्हरांड्याकडे चालू लागला.

रावसाहेब उठून मागोमाग गेले. पायरीपाशी साहेब वळला. वारा आमच्या बाजूचा होता, शब्द नीट ऐकू आले. "रावसाहेब, मी दिलेला शब्द विसरलेलो नाही. आजच कमिटीशी बोललो. आमची ब्राऊन्स तुमच्याइतकी कुणालाच कळत नाहीत. तुम्हाला त्यांचे मानद देखरेखदार नेमलं आहे." मग तो वर गेला. आतून पेले वाजल्याचा आवाज आला. कोपऱ्यातल्या तुटक्या हाताच्या खुर्चीवर कोणाचा तरी कुत्रा चढून बसला.

कोणाला वाटेल, आता हा माणूस जागा झाला असेल. मलाही तेव्हा वाटले. मी रात्रभर मनातल्या मनात त्यांच्या नावाने एक पत्रक लिहीत होतो. सकाळी काकूंनी हाक मारून सांगितले, "मास्तर, यांना क्लबात नेमणूक मिळाली हो. कार्डं छापायला टाकलीत." कार्डावर छापले होते: रावसाहेब माचणूरकर, मानद देखरेखदार. हे कार्ड त्यांनी मलाही दिले. म्हणाले, "छपाईची चूक सापडते का बघा." सापडली नाही. त्या महिन्याअखेर मी खोली सोडली.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिले. वकिली संपली होती, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. मी सायकलवरून होटगीहून येत होतो. दिवस मावळत होता. व्हरांड्यात कंदील लागले होते, हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते, आणि माळावर दुसरे कोणी नव्हते. शेवटच्या ब्राऊनवर रावसाहेब होते. अंगात तो निळा, पितळी बटणांचा कोट. हातात उपरणे, जरीचा काठ केव्हाच काळा पडलेला.

मी सायकल ठेवून वाळूजवळ गेलो. त्यांना पावले ऐकू आली.

"कोण आहे? थांबा. पाऊल ठेवू नका."

"मी मास्तर. नमस्कार, रावसाहेब."

"मास्तर होय. तिथंच थांबा. आज वाळू छान बसली आहे." त्यांनी मान वर केली नाही. "व्यंकय्या सुटला का हो?"

"सुटून दोन वर्षं झाली. छातीच्या दुखण्यानं गेला."

"अस्सं." उपरणे क्षणभर थांबले आणि पुन्हा फिरू लागले. "खळ मात्र उत्तम होती. मी पाहिली होती ना. गुठळी एक नव्हती."

बोलण्यासारखे माझ्यापाशी बरेच होते, पण त्या माणसावर ते वाया घालवावेसे वाटले नाही.

भोकापासून ते मागे मागे निघाले, वाकून, एकेक पाऊल उलटे टाकत. जिथून पाय उचलत, तिथे उपरणे फिरवत. उजवे पुसले, डावे पुसले. अधू डोळ्याला अंधारात दिसत नसावे. ते बोटांनी चाचपून खात्री करून घेत आणि मग पुढचे. असे करत ते कडेला येऊन मातीवर उतरले, कंबर धरून उभे राहिले आणि वाळूकडे पाहत राहिले. कंदिलाचा उजेड तिच्यावर सपाट पडला होता. त्या खळ्यावर माणूस उभा होता असे कोणी शपथेवर सांगितले असते तरी खरे वाटले नसते.